दोघांचा आठवडा

निवृत्तीनंतर वर्षभर कुठेतरी सेवेच्या कामाला जाऊन राहू या, असं ठरवणारी जोडपी संस्थेला दोन प्रश्न हमखास विचारतात. राहायची सोय कशी आहे? आणि आम्हाला काम काय द्याल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण जोडपं वर्ष पुरं करणार की तिसऱ्या महिन्यात गाशा गुंडाळणार, हे ज्यावर ठरतं तो प्रश्न बहुधा विचारायचाच राहतो : सोमवार सकाळपासून रविवार रात्रीपर्यंत आम्ही दोघं नेमकं काय करणार? पहिले पंधरा दिवस उत्साहावर निघतात. जागा नवी असते, मुलं भोवती जमतात, फोटो घरच्या ग्रुपवर जातात. नंतर रोजचा आठवडा सुरू होतो. तो आधी आखलेला नसेल तर एकाला काम पुरून उरतं आणि दुसऱ्याला दिवस खायला उठतो.

कोणाच्या वाट्याला काय येतं, तेही जवळजवळ ठरलेलंच. नवऱ्याला गणिताचा तास मिळतो, संस्थेचे हिशेब पाहायला मिळतात, पाहुणे आले की त्याची ओळख करून दिली जाते. बायकोच्या वाट्याला घरी होतं तेच येतं, फक्त आता मिक्सर नसतो, लाईट जाते आणि चार घटका बोलायला शेजारीण नसते. तो नोकरीतून निवृत्त झाला. ती कशातून झाली? माझं मत विचाराल तर अशा जोडप्यांचं बिनसतं ते बहुतेक वेळा इथंच. तब्येत, नातवंडांची आठवण, पाणी मानवलं नाही, ही नंतर चार लोकांत सांगायची कारणं.

म्हणून हा लेख आठवड्याबद्दल आहे. तुम्ही साठी-पासष्टीच्या आसपास असाल, तब्येती बऱ्या असतील, पेन्शनवर किंवा ठेवींवर भागत असेल आणि सहा महिने ते दोन वर्षं एखाद्या निवासी शाळेत, वसतिगृहात किंवा ग्रामीण दवाखान्यात राहायचा विचार चालला असेल, तर तो तुमच्यासाठी आहे.

निवृत्त जोडप्यांचा विचार ज्यांनी पद्धतशीर केला आहे त्यांच्याकडून शिकायला हरकत नाही, मग त्यांचा हेतू आपल्याला पटो न पटो. अमेरिकेत युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला मुख्यालय असलेलं चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात तो पंथ, तरुणांप्रमाणे निवृत्त जोडप्यांनाही मिशनवर पाठवतो. मुदत सहा ते तेवीस महिने, खर्च मुख्यतः ज्याचा त्याने करायचा, निघण्याआधी थोडं प्रशिक्षण. तरुण मिशनरी सकाळी साडेसहाला उठतात आणि रात्री साडेदहाला दिवे मालवतात. ज्येष्ठांना ते घड्याळ लागू नाही, दारोदार फिरून धर्म सांगण्याची अपेक्षाही त्यांच्याकडून नसते. कोणी मिशनचं कार्यालय सांभाळतं, कोणी तरुण पोरांच्या भाड्याच्या खोल्या स्वच्छ आहेत का पाहून येतं, कोणी इंग्रजी शिकवतं, कोणी मदतकार्याची देखरेख करतं. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा आहे, तो बाजूला ठेवू. त्यांच्याकडून घेण्यासारखं दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे बोलावणं दोघांना येतं. नवऱ्याला नेमणूक आणि बायको सोबत, असा प्रकार नाही. नावाची काळी पट्टी दोघांच्याही छातीवर असते. दुसरं, आठवड्यातला एक दिवस कपडे धुणं, किराणा, साफसफाई, पत्रं अशा स्वतःच्या कामांसाठी राखलेला असतो. त्याला ते तयारीचा दिवस म्हणतात.

आपल्याकडे विवेकानंद केंद्राने ही वाट बरीच आधी ओळखली. अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्यात जन्मलेल्या एकनाथजी रानड्यांनी १९७२ मध्ये कन्याकुमारीला केंद्र सुरू केलं. तिथे जीवनव्रती आणि सेवाव्रती कार्यकर्त्यांच्या जोडीला, संसाराच्या जबाबदाऱ्या उरकून येणाऱ्यांसाठी वानप्रस्थी कार्यकर्ता अशी वेगळी जागा आहे. आणि बाबा आमटे १९९० मध्ये आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले तेव्हा पंचाहत्तरीला टेकले होते. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना एकतर उभं राहावं लागे नाहीतर आडवं व्हावं लागे. सोबत साधनाताई होत्या. निघण्यापूर्वी काही वाचायचंच असेल तर बाबांवरची पुस्तकं नंतर वाचा, आधी साधनाताईंचं ‘समिधा’ वाचा. आणि तेही नवऱ्याने आधी.

आता आठवडा. उदाहरण म्हणून मेळघाटात, धारणी किंवा चिखलदऱ्याच्या बाजूला असलेली एखादी निवासी शाळा डोळ्यांपुढे ठेवते. तुमचं ठिकाण जव्हारला असेल, भामरागडला असेल किंवा अरुणाचलात, तपशील बदलतील पण मांडणी बहुधा हीच राहील.

पहिल्यांदा जेवणाचा निकाल लावा, कारण बाकीचा आठवडा त्यावर उभा राहतो. दोन्ही वेळचं जेवण शाळेच्या भोजनगृहातून घ्यायचं आणि त्याचे पैसे दरमहा भरायचे. मुलांचं अन्न मुलांच्या अनुदानातून येतं, तेव्हा ‘दोन माणसांचं काय ते’ असं म्हणून फुकट जेवू नका. अधीक्षक नको म्हणाले तरी पावती करून घ्या. सकाळचा चहा-नाश्ता तेवढा खोलीवर. मधुमेह किंवा रक्तदाबामुळे पथ्य असेल तर वरण-भाजी तिथली, भाकरी खोलीवर, आणि ती भाकरी आठवड्यातले निम्मे दिवस नवऱ्याने करायची. येत नसेल तर निघण्याआधीच्या दोन महिन्यांत शिकायची. भाकरी नाहीच थापता आली तर कुकरची खिचडी तरी जमायला हवी. ‘तिला स्वयंपाकाची आवडच आहे’ हे वाक्य मुलाखतीत पुष्कळ नवरे बोलतात. तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे कोणी पाहत नाही.

दुसरा निकाल तासांचा. प्रत्येकी दिवसाला चार तास, आठवड्याचे पाच दिवस. त्याहून जास्त सुरुवातीला कबूल करू नका. संस्थांना माणसं कमी पडतात, त्यामुळे जो हो म्हणतो त्याच्याकडे कामं सरकत जातात. सहाव्या महिन्यात तास वाढवता येतात, पण एकदा वाढवलेले कमी करायला गेलात की ‘आता दमले वाटतं’ अशी कुजबुज होते.

सोमवार-मंगळवार शिकवण्याचे. इथे निवृत्त शिक्षकांनाच जरा जपून राहावं लागतं, कारण त्यांना वर्ग हवा असतो. वर्गावर शिक्षक आहेत, तास त्यांचे आहेत. तुम्ही मागे पडलेली पाच-सहा मुलं घ्या, व्हरांड्यात बसा आणि त्यांच्याकडून रोज मोठ्याने वाचून घ्या. मेळघाटातल्या कोरकू मुलाच्या कानावर पुस्तकी मराठी पहिल्यांदा पडते ती बहुतेक शाळेतच. कोरकू ही मराठीची बोली नाही, ती मुंडा कुळातली भाषा आहे, संथाळी-मुंडारीच्या नात्यातली. चौथीतला मुलगा वाचताना अडखळतो तेव्हा तो ‘कच्चा’ नसतो, तो परक्या भाषेत वाचत असतो. तेव्हा सौदा करा : अर्धा तास त्यांनी मराठी वाचायचं, पंधरा मिनिटं त्यांनी तुम्हाला कोरकू शिकवायचं. तुमचे उच्चार ऐकून मुलं लोळण घेतात आणि मग चुकायची भीती दोन्हीकडची जाते.

काम वाटताना गणित-विज्ञान त्याला आणि शिवण-भरतकाम तिला, अशी वाटणी आपोआप होऊ देऊ नका. तिने बँकेत काम केलं असेल तर हिशेबाची वही तिच्याकडे जावी. तिने नोकरी केली नसेल तरी तीस वर्षं घर चालवलेल्या बाईला कोठीघरातला साठा पाहून महिनाअखेर काय कमी पडेल ते सांगता येतं, आजारी मूल आणि शाळा टाळणारं मूल यांतला फरक कळतो, गोष्ट सांगता येते. यातलं काय करायचं ते तिने निवडायचं. एकच काम टाळायचं : भोजनगृहातला स्वयंपाक. स्वयंपाकी रजेवर गेला की सगळ्यांच्या नजरा काकूंकडे वळतात. एकदा उभ्या राहिल्यात की वर्षभर तिथेच उभ्या राहाल. आणि ज्याचा पगार त्या कामावर आहे त्यालाही ते आवडणार नाही.

मुलांशी वागण्याबद्दल एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. आपण आजी-आजोबांच्या वयाचे, मुलंही आजी-आजोबाच म्हणतात, म्हणून नियम आपल्याला नाहीत असं समजू नका. बंद खोलीत एकट्या मुलाला किंवा मुलीला घेऊन बसायचं नाही, व्हरांडा किंवा उघड्या दाराचा वर्ग. मुलीच्या दुखण्याखुपण्याला आजी किंवा अधीक्षिका. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत. एखाद्या मुलाच्या बोलण्यातून लैंगिक छळाचा संशय आला तर ते ‘संस्थेचं नाव जाईल’ म्हणून पोटात ठेवता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते कळवणं सक्तीचं आहे, तुमच्यावरही. संस्था तुमची पोलीस पडताळणी मागेल. अपमान वाटून घेऊ नका. जी संस्था असं काहीच मागत नाही तिथे जाण्याआधी दोनदा विचार करा.

तयारीचा दिवस कोणता? माझं उत्तर सोपं आहे : तुमच्या गावचा किंवा शेजारच्या गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी असेल तो. त्या दिवशी निम्मा स्टाफ तसाही बाजारात असतो, गाड्या जास्त असतात, दुर्गम गावातून बाहेर पडायची सोय होते. शाळेला आधीच सांगून ठेवा की या दिवशी आम्ही दोघंही कामावर नाही. हा आरामाचा दिवस नव्हे, रविवार वेगळा. पण तो राखला नाही तर धुणं, भाजी, औषधं, बँक, फोन ही सगळी कामं रोज थोडी थोडी उरतात, आणि ती कोण उचलतं ते वर आलंच आहे.

बाजाराच्या दिवशी एसटीने जा. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं तिकीट, आणि २०२३ पासून महिलांना वय काहीही असलं तरी निम्मं. म्हणजे बासष्टीच्या नवऱ्याला पुरं तिकीट पडतं आणि त्याच्या बायकोला अर्धं. बायकोने तिकीट काढावं, नवऱ्याने पिशवी धरावी. आधार कार्ड जवळ असू द्या. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते उतरतानाच कंडक्टरला विचारा. ती चुकली तर मग काळी-पिवळीत बारावं माणूस होऊन यावं लागतं.

भाजी दोन-तीन दिवस टिकेल अशीच घ्या : दुधी, भोपळा, कांदे, बटाटे, लसूण. पालेभाजी तुम्हाला शाळेच्या आजूबाजूला मिळेल, पावसाळ्यात तर रानभाज्या मुलंच ओळखून आणतात. त्यातली अनोळखी भाजी आधी गावातल्या बाईला दाखवून मगच चुलीवर ठेवा. फोनला रेंज जिथे मिळते तिथे तासभर काढा आणि आठवड्याची बाहेरची कामं तिथेच उरका.

औषधांचं जरा विस्ताराने सांगते, कारण इथे हलगर्जी परवडत नाही. रक्तदाब, साखर, थायरॉईड यांच्या गोळ्या दोन महिन्यांच्या एकदम आणा, आणि डॉक्टरांकडून औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या. तुमच्या शहरातली कंपनी तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही, औषध मात्र मिळेल. इन्सुलिन लागत असेल आणि फ्रीजचा भरवसा नसेल, तर वापरातली बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या लहान मडक्यात, पाणी आत जाणार नाही अशा डब्यात बंद करून ठेवतात. उन्हाळ्यात ते पुरेल का, हे जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या, कारण विदर्भातला मे महिना कोणाचीच भीड ठेवत नाही. मच्छरदाणी बारा महिने. सर्पदंशाची लस जवळच्या कोणत्या दवाखान्यात असते, हे पहिल्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारून ठेवा, आणि शाळेच्या गाडीच्या चालकाचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये असू द्या. धारणीहून अमरावती घाटरस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. छातीत दुखायला लागल्यावर कुठे जायचं, हा विचार तेव्हा सुरू करायचा नसतो. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. ते कार्ड काढून घ्या, पण ते योजनेतल्या रुग्णालयांतच चालतं, तेव्हा तुमच्या जिल्ह्यातली अशी रुग्णालयं कोणती तेही पाहून ठेवा.

पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबर. हयातीच्या दाखल्यासाठी पुण्या-नाशिकला परत यायची गरज नाही. जीवन प्रमाणची सोय २०१४ पासून आहे आणि आता चेहरा ओळखून फोनवरूनच दाखला देता येतो. बोटांचे ठसे उमटत नाहीत ही या वयातली नेहमीची तक्रार, ती यात येत नाही. पण त्याला रेंज लागते, म्हणून नोव्हेंबरातल्या पहिल्याच बाजाराच्या दिवशी ते काम उरका. तिची कुटुंब निवृत्तिवेतनाची किंवा स्वतःची पेन्शन असेल तर तिचा दाखलाही त्याच दिवशी.

बाजारानंतरचा दिवस मी दोघांनी वेगळं राहण्यासाठी ठेवीन. मॉर्मन मिशनरींनी जोडीनेच वावरायचं असतं, पण हा भाग आपण घेऊ नये असं मला ठाम वाटतं. एका खोलीत राहणारी, एकाच व्हरांड्यात काम करणारी आणि एकाच ताटाला बसणारी दोन माणसं संध्याकाळी एकमेकांना सांगणार काय? घरी असताना त्याचा कट्टा होता, तिचं भजनी मंडळ होतं. इथे दोन्ही नाही. तेव्हा या दिवशी तिने आशाताईंबरोबर गावात जावं, किंवा अंगणवाडीत बसावं, किंवा नुसतं कोणाच्या तरी अंगणात बसून सुपातलं धान्य पाखडू लागावं. त्याने शिक्षकांबरोबर शाळाबाह्य मुलांच्या घरी जावं, किंवा बागेत कुदळ घ्यावी. काय केलं याचा अहवाल संस्थेला द्यायचा नाही. गाव तुम्हाला ओळखू लागतं ते याच दिवशी, आणि दोघांना दोन वेगळ्या माणसांसारखं ओळखू लागतं.

गावात गेलात की ‘तुम्ही इथे का आलात’ हा प्रश्न येणारच. लोकांनी पुष्कळ आले-गेलेले पाहिले आहेत : सर्वेक्षणवाले, फोटोवाले, धर्मवाले, मतांवाले. लांबलचक उत्तर देऊ नका. ‘मुलांना वाचायला शिकवतो, वर्षभर आहोत’ एवढं पुरे. आपला सत्यनारायण आपल्या खोलीत, आपली प्रार्थना आपल्या खोलीत. त्यांच्या होळीला मात्र बोलावणं आलं तर जरूर जा. कोरकूंचा तो वर्षातला सगळ्यात मोठा सण असतो, कामाला बाहेर गेलेली माणसं त्यासाठी परत येतात आणि शाळेतली हजेरी आपोआप ओसरते. त्या आठवड्यात वाचनवर्ग घेण्याचा हट्ट धरणारे आजोबा मुलांच्या नजरेतून उतरतात.

शुक्रवारबद्दल फार सांगण्यासारखं नाही. राहिलेलं काम, मुलांची प्रगती एका साध्या वहीत दोन ओळींत, मुख्याध्यापकांशी दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत प्रश्न विचारा, सूचना करू नका. पहिले तीन महिने तर अजिबात नाही. ‘आमच्या ऑफिसात असं नव्हतं’ हे वाक्य स्टाफरूममध्ये एकदा उच्चारलं की शिक्षक तुम्हाला चहा देतात, खुर्ची देतात आणि पुन्हा काही सांगत नाहीत. इथला शिक्षक दहा-दहा वर्षं इथे आहे, तुम्ही एका वर्षाचे. निवृत्त अधिकाऱ्यांना हे जड जातं, विशेषतः ज्यांना कोणी ‘साहेब’ म्हटल्याशिवाय दिवस उजाडत नसे त्यांना. गावात ‘काका’ म्हणवून घ्या, त्या हाकेला कामं लवकर होतात.

शनिवारी सकाळची शाळा असते. दुपार मोकळी. संध्याकाळी अर्धा तास दोघांनी समोरासमोर बसायचं. मॉर्मन मिशनरींना आठवड्याचं नियोजन करताना आपलं आपल्या जोडीदाराशी कसं चाललंय याचाही आढावा घ्यायचा असतो. विशीतल्या, एकमेकांना नव्यानेच भेटलेल्या पोरांसाठी ही पद्धत निघाली असली तरी चाळीस वर्षांच्या संसाराला ती जास्त लागू पडते, कारण चाळीस वर्षांत विचारायचं राहून गेलेलं पुष्कळ साचलेलं असतं. फोन बाजूला ठेवा. तिने आधी बोलायचं : या आठवड्यात काय आवडलं, काय नको झालं, कोणतं काम अंगावर आलं जे ठरलं नव्हतं. त्याने उत्तर न देता ऐकायचं, मग उलट. पुढच्या आठवड्यात एकच बदल करायचा, दोन नाहीत. भांडण झालं तर व्हरांड्यात नको. पातळ भिंतीपलीकडे चाळीस मुली झोपलेल्या असतात आणि सकाळी परिपाठाला सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

रविवारी शाळेत वर्दळ असते. मुलं कपडे धुतात, न्हातात, एकमेकांच्या डोक्यातल्या उवा काढतात. पालक भेटायला येतात, पिशवीत मोहाची फुलं नाहीतर भुईमुगाच्या शेंगा असतात. या दिवशी काम करू नका, पण खोलीचं दार लावूनही बसू नका. दुपारी घरच्यांचा फोन. वेळ ठरलेली असावी, रोज रात्री नातवाला व्हिडिओवर पाहायची सवय लागली की मन दोन्हीकडे अर्धं अर्धं राहतं. घरच्यांनाही सांगून ठेवा की फोन लागला नाही म्हणून संस्थेच्या कार्यालयाला हैराण करू नये. घरी जायचं ते दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात, शाळा रिकामी असते तेव्हा. मधे लग्नं, बारशी, वास्तुशांती येतील. त्यांतल्या कोणत्या टाळायच्या ते निघण्याआधीच नातेवाइकांना कळवा. लोक रागावतात, पण आधी कळवलं तर कमी रागावतात.

हा आठवडा कागदावर बरा वाटतोय म्हणून लगेच वर्षाची बोलणी करू नका. आधी पंधरा दिवस राहून पाहा, आणि ते हिवाळ्यातले निवडू नका. डिसेंबरात मेळघाट कोणालाही आवडतो. जुलै-ऑगस्टमध्ये जा, जेव्हा कपडे चार दिवस वाळत नाहीत, नाल्याला पूर येऊन रस्ता बंद होतो आणि तापाचे पेशंट वाढतात. पावसाळ्याच्या महिन्यांत तिथे काही संस्था स्वयंसेवकांच्या तुकड्या थोड्या थोड्या दिवसांसाठी बोलावतात, कारण कुपोषण आणि आजारपण तेव्हाच डोकं वर काढतं. तशा एखाद्या तुकडीत दोघांनी नाव द्या. तिथे जे जमेल ते वर्षभर जमेल.

संस्थेशी बोलताना चार गोष्टी लेखी घ्या : खोली कोणती, शौचालय खोलीला लागून आहे का (या वयात रात्री तीनदा उठावं लागतं, लाजू नका), कामाचे तास, आणि परतीची तारीख. आपल्याकडे सेवेच्या कामात मुदत ठरवणं कोतेपणाचं वाटतं, आणि मग कोणी कंटाळून गेलं की त्याला पळून गेल्यासारखं वाटतं. तारीख ठरलेली असली की निरोप समारंभ होतो, हार घातला जातो, माणूस सन्मानाने घरी येतो. शेवटचा महिना नवीन काही सुरू न करता हातातलं काम कोणाच्या तरी स्वाधीन करण्यात घालवा. वाचनाची वही पुढच्या माणसाला समजेल अशी लिहून ठेवा.

अर्जही दोन करा. एकच अर्ज, खाली दोघांच्या सह्या, असं नको. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहायचं की मला का जायचंय, मी काय करीन आणि काय करणार नाही. पाठवण्याआधी एकमेकांचा अर्ज वाचायचा. आणि वर्ष संपताना संस्था मुदत वाढवायची का असं विचारेल, हमखास विचारेल, तेव्हा काकांनी तोंड उघडण्याआधी काकूंना उत्तर देऊ द्यायचं.